कंबरेचा एमआरआय: सरकलेली गादी, दबलेली नस आणि अरुंद झालेली नलिका – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंबरेचे एमआरआय पाहून रिपोर्ट लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. रिपोर्टचं पाकीट हातात पडलं की माणसं ते तिथेच उघडतात, पहिल्या चार ओळी वाचतात आणि चेहरा उतरतो. मग एकच प्रश्न येतो, ‘डॉक्टर, ऑपरेशन लागणार का?’ त्या उभ्या-उभ्या पाच मिनिटांत जे नीट सांगता येत नाही, ते इथे सविस्तर लिहिलं आहे.

‘मणक्यात गॅप आहे’ म्हणजे नक्की काय?

हा शब्द आपल्याकडे घरोघरी आहे, पण रिपोर्टमध्ये तो तुम्हाला सापडणार नाही. गंमत अशी की खरी परिस्थिती बहुधा उलटी असते. एक्स-रेमध्ये दोन मणक्यांच्या मध्ये जी काळी पट्टी दिसते ती रिकामी फट नव्हे. तिथे गादी असते, म्हणजे डिस्क. गादी मऊ असल्यामुळे एक्स-रेत उमटत नाही, इतकंच. ही पट्टी रुंद असणं चांगलं. गादी सुकून बसकी झाली की दोन मणके जवळ येतात आणि ती पट्टी बारीक होते. म्हणजे ‘गॅप पडला’ असं जेव्हा सांगितलं जातं, तेव्हा बहुतेक वेळा गॅप कमी झालेला असतो.

कंबरेत पाच मणके असतात, एल१ ते एल५, आणि त्यांच्याखाली माकडहाडाच्या वरचं मोठं हाड, त्याचा वरचा भाग एस१. दोन मणक्यांमधल्या गादीचं बाहेरचं कडं चिवट असतं आणि आतला गर पाणीदार, लवचीक असतो. गाद्यांच्या मागून वरपासून खालपर्यंत एक नलिका जाते. मेंदूतून निघालेला मज्जारज्जू या नलिकेत साधारण एल१-एल२ पर्यंतच असतो. त्याच्या खाली नसांचा सुटा झुबका असतो, घोड्याच्या शेपटीसारखा. त्यामुळे कंबरेच्या खालच्या भागात गादी सरकली तर बहुतेक वेळा एखाददुसरी नस दबते, मज्जारज्जू नव्हे. ‘मणका सरकला, आता लुळा पडणार’ ही भीती ज्यांच्या मनात बसली आहे त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

कंबर दुखायला लागली की लगेच एमआरआय काढावा का?

सहसा नाही. धोक्याचं लक्षण नसेल तर साधारण सहा आठवडे औषध, हालचाल आणि व्यायामावर थांबावं, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. या काळात बरीच माणसं बरी होतात. धोक्याचं लक्षण नसताना पहिल्याच आठवड्यात फोटो काढल्याने रुग्ण लवकर बरा होतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट फोटोत काहीतरी सापडतं, ते डोक्यात बसतं आणि माणूस वाकायला, उचलायला, चालायलाही घाबरू लागतो. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की घाईने काढलेल्या एमआरआयला मी निरुपद्रवी मानत नाही.

पण काही माणसांनी थांबायचं नसतं. पूर्वी कर्करोग झालेला असेल, विनाकारण वजन घटत असेल, संध्याकाळी ताप किंवा रात्री घाम येत असेल, वय जास्त असताना पडझड झाली असेल, बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, किंवा झोपल्यावरही कळ थांबत नसेल, तर तपासणी लवकर हवी. आपल्या देशात यात मणक्याचा क्षयरोग आवर्जून मोजावा लागतो. टीबी म्हणजे फक्त खोकला असा समज असल्यामुळे महिनोन् महिने कंबरेला मालिश होत राहते आणि मग एमआरआयमध्ये दोन शेजारचे मणके पोखरलेले आणि बाजूला पू साठलेला दिसतो. तो वेळेत सापडला तर औषधाने बरा होतो.

कुठल्या लक्षणांत एक दिवसही थांबू नये?

लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागेवर बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद जाऊ लागली, तर सकाळची वाट पाहू नका. थेट अशा रुग्णालयात जा जिथे एमआरआय आणि मणक्याचं ऑपरेशन दोन्ही होतं. नसांचा अख्खा झुबकाच दबल्याची ही खूण असते आणि इथे तासांना किंमत असते. लघवीबद्दल बोलायला लाज वाटते म्हणून घरातली वडील माणसं हे लपवतात. तेव्हा मुलांनी, सुनांनी स्पष्ट विचारावं.

चवडा उचलता न येणं, चप्पल पायातून निसटत राहणं, पायाची ताकद दिवसेंदिवस कमी होणं, हेही ताबडतोब दाखवण्यासारखंच.

एक्स-रे, सीटी आणि एमआरआय यांत फरक काय? स्वस्तातला एक्स-रे पुरणार नाही का?

एक्स-रे हाडांची रांग दाखवतो. मणका पुढे घसरला आहे का, मोडला आहे का, पाठीला बाक आहे का. उभं राहून, पुढे वाकून, मागे वाकून काढला तर मणका हालचालीत सरकतो का हेही कळतं, आणि हे झोपून काढलेल्या एमआरआयला जमत नाही. गादी आणि नस मात्र एक्स-रेत दिसत नाही. सीटीमध्ये हाड उत्तम दिसतं, गादी बऱ्यापैकी, पण किरणोत्सर्ग एक्स-रेपेक्षा बराच जास्त. एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओ लहरी असतात, किरणोत्सर्ग नसतो आणि गादी, नस, मज्जारज्जू, हाडातला मगज सगळं एकाच तपासणीत दिसतं. म्हणून सरकलेल्या गादीसाठी आणि अरुंद नलिकेसाठी तो पहिला पर्याय. ज्यांना चुंबकात जाता येत नाही त्यांच्यासाठी पाठीच्या पाण्यात औषध सोडून सीटी काढतात; त्याला सीटी मायलोग्राम म्हणतात.

फिल्मवर काळं-पांढरं काय असतं?

फिल्मवर कुठेतरी टी१, टी२ असं लिहिलेलं असतं. टी२ चित्रात पाणी पांढरं दिसतं. त्यामुळे नसांभोवतीचं पाणी पांढऱ्या पट्ट्यासारखं दिसतं आणि त्यात नसा काळ्या धाग्यांसारख्या. पाणीदार गादी पांढरट, सुकलेली गादी काळी. रिपोर्टमधलं ‘डेसिकेशन’ ते हेच. केस पिकतात तशी गादी सुकते, आणि काहींचे केस जसे विशीतच पिकायला लागतात तसंच गादीचंही आहे.

टी१ चित्रात चरबी पांढरी दिसते. नस मणक्यातून जिथून बाहेर पडते त्या खिडकीत तिच्याभोवती चरबीचं कडं असतं. ते शाबूत असेल तर नसेला जागा आहे. पुसलं गेलं असेल तर आम्ही तिथे थांबून नीट बघतो.

बल्ज, प्रोट्रुजन, एक्स्ट्रुजन, सिक्वेस्ट्रेशन – यातलं गंभीर कोणतं?

गादीचा काठ चहूबाजूंनी, म्हणजे परिघाच्या पाव भागाहून जास्त, थोडा बाहेर आला तर तो बल्ज. कमी हवेच्या टायरचा काठ फुगतो तसा. बल्ज म्हणजे हर्निएशन, म्हणजे गादी एका जागी बाहेर सरकणं, नव्हे. एका ठिकाणीच फुगवटा आला आणि त्याचं बूड टोकापेक्षा रुंद असलं तर प्रोट्रुजन. आतला गर कड्यातून बाहेर आला आणि टोक बुडापेक्षा मोठं झालं तर एक्स्ट्रुजन. त्यातला तुकडा मूळ गादीपासून तुटून वेगळा पडला तर सिक्वेस्ट्रेशन.

हे सगळे शब्द आकाराचे आहेत, दुखण्याचे नाहीत. नलिका मुळात ऐसपैस असेल तर मोठं एक्स्ट्रुजनही निभावून जातं, आणि जन्मतःच नलिका अरुंद असेल तर छोटं प्रोट्रुजनही जीव काढतं.

माझं वय ३८. रिपोर्टमध्ये चार ठिकाणी बल्ज लिहिलेत. माझी पाठ कामातून गेली का?

नाही. अजिबात कंबरदुखी नसलेल्या माणसांचे फोटो पाहिले तर काय दिसतं, हे अनेकांनी तपासलं आहे. २०१५ मध्ये असे ३३ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. त्यांत कुठलाही त्रास नसलेली ३,११० माणसं होती. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादी झिजलेली दिसली, ऐंशीच्या घरात ९६ टक्के. बल्ज विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. प्रोट्रुजनसुद्धा विशीत २९ आणि ऐंशीत ४३ टक्के. ही सगळी माणसं कंबर न दुखता हिंडत-फिरत होती.

म्हणून माझ्या मते रिपोर्टचा सगळ्यात महत्त्वाचा भाग रिपोर्टमध्ये नसतोच. तो तुमच्या अंगात असतो. कळ कुठून सुरू होते, कुठल्या पायात जाते, कुठल्या बोटापर्यंत पोचते. चित्रातला दोष आणि ही कळ एकाच बाजूला, एकाच नसेवर जुळली तरच त्या दोषाला दोषी धरायचं. आमच्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर बऱ्याचदा नुसतं ‘कंबरदुखी’ लिहिलेलं असतं. त्याऐवजी ‘दीड महिना उजव्या पायात, पोटरीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत कळ’ एवढी एक ओळ असली तर माझी नजर नेमक्या जागी जाते. चिठ्ठीवर नसेल तर मशीनवरच्या माणसाला तुम्ही स्वतः सांगा.

एल४-एल५ ला गादी सरकली आहे. मग नेमकी कोणती नस दबते?

कंबरेतल्या हर्निएशनपैकी दहातली नऊ तरी एल४-एल५ आणि एल५-एस१ या दोनच जागी असतात, कारण भार आणि वाकणं दोन्ही तिथेच सर्वांत जास्त.

गादी बहुधा मधोमध न सरकता थोडी डावी-उजवीकडे सरकते. तेव्हा त्या पातळीवर बाहेर पडणारी नस निसटून जाते आणि खाली उतरणारी नस सापडते. म्हणून एल४-एल५ ला सहसा एल५ नस दबते आणि एल५-एस१ ला एस१. गादी अगदी बाजूला, खिडकीत किंवा तिच्याही बाहेर सरकली असेल तर मात्र वरची नस सापडते, म्हणजे एल४-एल५ लाच एल४.

एल५ दबली की कळ मांडी-पोटरीच्या बाहेरच्या अंगाने पावलाच्या वरच्या भागावर आणि अंगठ्याकडे जाते, अंगठा वर उचलायची ताकद कमी होते. एस१ दबली की कळ मागून टाचेकडे, तळव्याकडे, करंगळीच्या बाजूला. चवड्यावर उभं राहणं जड जातं. एल४ मध्ये गुडघ्याभोवती आणि नडगीच्या आतल्या बाजूला. घरी पडताळून पाहायला हरकत नाही: भिंतीचा आधार घेऊन आधी टाचांवर चाला, मग चवड्यांवर. एक पाय साथ देत नसेल तर ते डॉक्टरांना सांगा.

आता समजा रिपोर्टमध्ये डाव्या बाजूचं प्रोट्रुजन आहे आणि कळ उजव्या पायात आहे. अशा वेळी त्या प्रोट्रुजनचं ऑपरेशन करून काय हाती लागणार?

‘कॅनल स्टेनोसिस’ म्हणजे काय? किती मिलिमीटर म्हणजे अरुंद?

स्टेनोसिस म्हणजे अरुंदपणा. हे एका दिवसात होत नाही. गादी बसते आणि मागे फुगते, तिच्यामागचे छोटे सांधे वयाने जाड होतात, नलिकेच्या आतली पिवळी अस्थिबंधं जाडावतात. तिन्हीकडून जागा चोरली जाते. एखादा मणका पुढे घसरलेला असेल तर आणखीच. रिपोर्टमधले ‘फॅसेट आर्थ्रोपॅथी’ आणि ‘लिगामेंटम फ्लेवम हायपरट्रॉफी’ हे शब्द यातलेच.

मोजमापाचे आकडे आहेत: नलिकेची पुढून मागे रुंदी १२ मिलिमीटरच्या खाली गेली तर तुलनेने अरुंद आणि १० च्या खाली गेली तर निश्चित अरुंद मानतात, नसा आणि त्यांच्याभोवतीचं पाणी ज्या पिशवीत असतं तिचं क्षेत्रफळ १०० चौरस मिलिमीटरच्या खाली गेलं की लक्ष घालतात, ७५ च्या खाली म्हणजे बरंच कमी. मी स्वतः आकड्यापेक्षा चित्रावर जास्त विसंबतो. पिशवीत पांढरं पाणी शिल्लक आहे का आणि नसा सुट्या दिसतात का? माणूस पाठीवर झोपलेला असताना निरोगी नलिकेत नसा गाळासारख्या मागच्या बाजूला तळाशी बसतात. नलिका फार अरुंद असली की त्यांना बसायला जागाच नसते. सगळ्या एकत्र दाटून राखाडी गोळा दिसतो, पाणी दिसतच नाही. ते चित्र पाहिलं की आकडा न मोजताही कळतं.

लक्षणं मात्र उभं राहिल्यावर आणि चालल्यावर येतात. थोडं अंतर गेलं की दोन्ही पाय जड होतात, भरून येतात, मुंग्या येतात. ओट्यावर, काउंटरवर, कठड्यावर पुढे वाकून टेकलं किंवा खाली बसलं की सुटका होते. आजोबा भाजीच्या हातगाडीवर वाकून बरे चालतात, सायकलही चालवतात, पण हात मोकळे सोडून बाजारापर्यंत जाता येत नाही. पुढे वाकलं की नलिका किंचित मोकळी होते आणि मागे ताणलं की आवळते, म्हणून असं होतं. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या दुखतात, पण तिथे नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो, वाकावं लागत नाही. दोन्ही आजार एकाच माणसात असू शकतात, विशेषतः मधुमेह आणि तंबाखू असेल तर. पायाची नाडी तपासून घ्या.

इथे एमआरआयची एक मर्यादा लक्षात ठेवा. तपासणी झोपून, बहुधा गुडघ्याखाली उशी ठेवून होते, म्हणजे नलिका जेव्हा सर्वांत मोकळी असते तेव्हा. म्हणून लक्षणं ठळक असतील आणि रिपोर्ट सौम्य असेल तर दुखणं खोटं ठरत नाही.

रिपोर्टमध्ये आणखी बरेच शब्द आहेत: मोडिक, श्मोर्ल्स नोड, हिमॅन्जिओमा, ‘लॉस ऑफ लॉर्डोसिस’. घाबरावं का?

लॉस ऑफ लॉर्डोसिस म्हणजे कंबरेचा नैसर्गिक बाक कमी दिसला. स्नायू आखडले की, किंवा नुसत्या झोपण्याच्या पद्धतीनेही तसं दिसतं. हिमॅन्जिओमा ही मणक्यातल्या रक्तवाहिन्यांची साधी गाठ, बहुतेक आयुष्यभर काही करत नाही. श्मोर्ल्स नोड म्हणजे गादी वर-खाली मणक्यात थोडी रुतलेली. मोडिक बदल म्हणजे गादीला लागून असलेल्या हाडाच्या मगजातले बदल, तीन प्रकारचे. त्यातला पहिला, सूज असलेला प्रकार कंबरदुखीशी जास्त जोडला जातो, पण तोही पुष्कळदा कालांतराने निवतो.

दोन सेंटरचे रिपोर्ट वेगळे आले. कोण खरं?

२०१७ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबरदुखी आणि उजव्या पायात कळ असलेल्या ६३ वर्षांच्या एका बाईंचा एमआरआय तीन आठवड्यांत दहा वेगवेगळ्या ठिकाणी केला गेला. दहा रिपोर्टमध्ये मिळून ४९ वेगवेगळे दोष नोंदले गेले आणि त्यातला एकही दोष दहाच्या दहा रिपोर्टमध्ये नव्हता. मी स्वतः या पेशात असल्यामुळे हे वाचताना मला वाईट वाटलं होतं, पण ते लोकांना सांगायलाच हवं. ‘सौम्य’ आणि ‘मध्यम’ यांतली रेघ दोन डॉक्टर वेगळी ओढतात. ऑपरेशनचा विचार असेल तर नुसता रिपोर्ट न वाचता सर्जनने मूळ चित्रं स्वतः पाहावीत, असा आग्रह धरा.

मणके मोजण्यातही गफलत होते. काहींचा शेवटचा मणका खालच्या हाडाला जुळलेला असतो किंवा एस१ सुटा असतो, मग एकाचा एल५ तो दुसऱ्याचा एस१. म्हणून चांगल्या ठिकाणी पूर्ण पाठीचं एक झटपट चित्र काढून मानेपासून मोजतात. असा जोडमणका असेल तर रिपोर्टमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं असावं.

सरकलेली गादी परत आत जाते का?

मालिशने किंवा झटका देऊन आत ढकलली जात नाही. पण शरीर स्वतः तिचा बाहेर आलेला भाग हळूहळू शोषून घेतं. आणि ऐकून नवल वाटेल, पण जितका तुकडा मोठा आणि सुटा, तितकी शोषला जाण्याची शक्यता जास्त. २०१५ च्या एका आढाव्यात सुटे तुकडे ९६ टक्के वेळा आक्रसलेले आढळले, एक्स्ट्रुजन ७० टक्के, प्रोट्रुजन ४१ आणि बल्ज फक्त १३ टक्के. बाहेर पडलेल्या गराभोवती नव्या रक्तवाहिन्या येतात, पेशी तो परका समजून खातात. बल्जमध्ये गर कड्याच्या आतच राहत असल्याने तसं होत नाही.

नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे जबर सायटिका, म्हणजे नस दबल्याने पायात जाणारी कळ, असलेल्या २८३ लोकांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये आला. निम्म्यांना लवकर ऑपरेशन, निम्म्यांना आधी थांबून उपचार. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली, पण वर्षाअखेर दोन्ही गटांतले ९५ टक्के बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना मध्येच ऑपरेशन करावं लागलं, हेही सांगायला हवं. याच रुग्णांचा वर्षाने पुन्हा एमआरआय केला, तेव्हा बरं वाटत असलेल्यांपैकी ३५ टक्क्यांत आणि बरं नसलेल्यांपैकी ३३ टक्क्यांत हर्निएशन अजून दिसतच होतं. म्हणून बरं वाटत असताना ‘गादी गेली का बघू’ म्हणून पुन्हा एमआरआय काढू नका. पैसे वाचवा.

तपासणीला जाताना काय काढून ठेवायचं?

चुंबक चोवीस तास चालू असतो, मशीनचा आवाज बंद असला तरी. त्यामुळे मोबाइल, किल्ल्या, नाणी, घड्याळ, एटीएम कार्ड, कानातलं यंत्र, काढता येणारी कवळी सगळं बाहेर. मंगळसूत्र काढायला बऱ्याच मावश्या कचरतात. सोनं चुंबकाला चिकटत नाही हे खरं, पण मणी ज्या तारेत ओवलेले असतात ती सोन्याचीच असेल असं नाही. जोडवी, ताईत, साडीच्या आणि ब्लाउजच्या सेफ्टी पिना, केसातले आकडे काढावेत. करदोट्याला चांदीचा किंवा धातूचा मणी असेल तर तो नेमका आम्हाला बघायच्या जागीच असतो आणि चित्र तिथेच बिघडतं.

पेसमेकर, कानातला कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप असेल तर नाव नोंदवतानाच सांगा आणि त्याची कागदपत्रं आणा; काही पेसमेकर चालतात, काही नाही. लेथवर किंवा वेल्डिंगवर काम करणाऱ्यांनी डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का ते सांगावं. गुडघ्याचा बदललेला सांधा सहसा अडचण ठरत नाही. गरोदर असाल तर सांगा. तपासणी वीस-तीस मिनिटांची असते, ठोकल्यासारखा मोठा आवाज येतो, हातात बोलावण्याची कळ देतात. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधी बोला, नातेवाइकाला आत उभं राहता येतं.

इंजेक्शन देऊन एमआरआय कधी लागतो?

साध्या गादीसाठी नाही. गादीचं ऑपरेशन झाल्यावर कळ परत आली असेल, किंवा जंतुसंसर्ग, टीबी, गाठ यांची शंका असेल तेव्हा शिरेतून गॅडोलिनियम हे चित्रात उजळणारं औषध देतात. ऑपरेशनच्या जागेवरचा व्रण औषध शोषून उजळतो आणि नव्याने बाहेर आलेला गर लगेच उजळत नाही, त्यावरून दोन्ही वेगळे ओळखता येतात. किडनीचा आजार असेल तर आधी सांगा.

१.५ टेस्ला की ३ टेस्ला?

टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप. कंबरेच्या गादीसाठी १.५ पुरेसा आहे. जवळ १.५ असताना ३ साठी दुसऱ्या शहरात जायची गरज नाही. आत स्क्रू असतील तर ३ मध्ये चित्र उलट जास्त विस्कटतं.

मानेतही हेच नियम लागू होतात का?

एक मोठा फरक आहे. मानेत नलिकेमध्ये मज्जारज्जू असतो. तिथे नलिका अरुंद झाली तर हात-पाय दोन्हींवर परिणाम होतो: शर्टाची बटणं लावता येत नाहीत, अक्षर बिघडतं, अंधारात तोल जातो. मान दुखतेच असं नाही, म्हणून हे वर्षानुवर्षं वयावर ढकललं जातं. अशी लक्षणं असतील तर सहा आठवड्यांचा नियम इथे लावू नका.

फिल्म किती वर्षं ठेवायच्या?

रिपोर्ट, फिल्म आणि सीडी तिन्ही ठेवा, विशेषतः सीडी. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीवर सगळी. फिल्म उन्हात, दमट जागी किंवा दुमडून ठेवू नका. पाकिटावर तारीख लिहा आणि त्या दिवशी कुठल्या पायात, कुठपर्यंत कळ होती तेही. पाच वर्षांनी पुन्हा एमआरआय झाला तर तुलना करणाऱ्याला त्या एका ओळीचा मोठा उपयोग होतो.